केंद्रकाच्या बाहेर

पहाडगंज, दिल्ली
१४ जुलै २००३

यशोधन,

या पत्रात आशीर्वाद नाहीत. पुढेमागे लायक झालास तर साठलेले सगळे एकदम पाठवीन.

काल करोल बागच्या वळणावर एका ब्लूलाइन बसच्या पाठीवर तू दिसलास. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात कॅप्सूलची डबी आणि चेहऱ्यावर साबणाच्या जाहिरातीतलं हसू. खाली लिहिलेलं: 'जिगरप्रहरी. कैंसर की कोशिकाओं पर विज्ञान की लगाम. डॉ. यशोधन परचुरे, पीएच.डी.' बशीत पेशी वाढवणाऱ्या माणसाला स्टेथोस्कोप कशाला लागतो रे? पेशींच्या छातीत कफ झाला होता का?

फोन करत नाही, कारण कुणी कानाशी ओरडल्याशिवाय मला आता ऐकू येत नाही. तू इकडे येत नाहीस, कारण गुडगाव ते पहाडगंज हे अंतर तुझ्या मोठ्या गाडीला झेपत नाही. तेव्हा पत्रच.

सुभेदार हिंदुराव शेडगे तुला आठवत असतील. त्यांची मुलगी ममता माझ्या वर्गात होती. तू कॉलेजात असताना तिला गणित शिकवायचास. निवृत्त होऊन ते आता दिल्लीतच, द्वारका उपनगरात राहतात. पूर्वी कधी फौजेत असताना रक्त चढवलं, त्यातून कावीळ शरीरात राहिली, आणि आता यकृतात गाठ निघाली आहे. कॅन्सरची. तीन सेंटिमीटर. सर्जन म्हणतात, आत्ता कापली तर माणूस वाचेल. २८ ऑगस्टची तारीख दिली आहे. आणि हिंदुराव म्हणतात, कापायचं नाही. कुणीतरी त्यांना तुझ्या कॅप्सूलचं सांगितलं आहे. दिवसाला चार घेतात.

मला तुझ्याकडून एका कागदावर दोन ओळी हव्यात: 'या कॅप्सूलने कॅन्सर बरा होत नाही. ऑपरेशन करून घ्या.' खाली सही. तो कागद मी त्यांना नेऊन दाखवीन. बसच्या पाठीवर सही करणाऱ्याला एवढं जड जाऊ नये.

भानुआत्या

गुडगाव
२२ जुलै २००३

ती. भानुआत्यास सा. न.

पत्र मिळालं. तुमच्या सूनबाईने, मयुराने वाचलं आणि ती दोन दिवस हसत होती. स्टेथोस्कोप फोटोग्राफरचा आग्रह होता, माझा नाही.

आत्या, तुम्ही चाळीस वर्षं मुलांना बेडकाची आकृती काढायला शिकवलंत, म्हणून सोप्या भाषेत सांगतो. पेशीत पी-२७ नावाचं एक नियामक प्रथिन असतं. ते पेशीच्या केंद्रकात बसतं आणि विभाजनाची यंत्रणा धरून ठेवतं. पी-२७ भरपूर असेल तर एका पेशीच्या दोन होत नाहीत. यकृताच्या कॅन्सरच्या पेशींत ते कमी झालेलं आढळतं. बशीतल्या पेशींत ते वाढवलं की वाढ थांबते. हा माझ्याच प्रबंधातला आलेख आहे. आमच्या कॅप्सूलमधल्या अर्काने पी-२७ दुप्पट होतं, हे कंपनीच्या लॅबमध्ये सिद्ध झालंय. यात खोटं काय आहे?

जाहिरातीत 'बरा होतो' असं कुठेही म्हटलेलं नाही. 'लगाम' म्हटलंय. लीगलवाल्यांनी शब्द न् शब्द तपासलाय. ऑपरेशन करू नका असंही कुणी सांगितलेलं नाही. लोक आपल्या मनाने काही करत असतील तर कंपनी काय करणार? तुम्ही मागता तसा कागद मला देता येत नाही. पॉलिसी आहे.

एक सांगतो, राग मानू नका. त्या सरकारी संस्थेत मी सात वर्षं काढली. वीज गेली की फ्रीझरमधले नमुने कवटाळून जिन्यावर बसायचो. कुणी विचारलं नाही. आज अकराव्या मजल्यावर माझी स्वतःची लॅब आहे, काचेची. देश बदलतोय. तुमचं पहाडगंज बदलत नाही, हा देशाचा दोष नाही.

हिंदुरावकाकांसाठी सहा महिन्यांच्या कॅप्सूल कुरियरने पाठवतोय, कॉम्प्लिमेंटरी.

तुमचा,
यशोधन

पहाडगंज
३० जुलै २००३

यशोधन,

खोकं त्याच कुरियरवाल्याच्या हाती परत पाठवलं. तो म्हणाला, "माताजी, फ्री का माल है, रख लो." त्यालाही तुझ्यासारखाच हिशेब कळतो.

'बेडकाची आकृती' पोचली. त्या आकृतीच्या जिवावर तुला पहिली शिष्यवृत्ती मिळाली होती, पण ते असो. मी तुझा प्रबंध काढला. भिंग घेऊन चार दिवस वाचला. तुझा तो आलेख तिसऱ्या प्रकरणात आहे. बसवर चढलं ते तिसरंच प्रकरण. पाचवं बसमध्ये मावलं नाही वाटतं?

पाचव्यात तू लिहिलं आहेस, आणि स्वच्छ मराठीत सांगायचं तर असं, की काही कॅन्सरपेशींत हेच प्रथिन केंद्रकात जातच नाही. बाहेर, पेशीद्रवात पडून राहतं. आणि तिथे ते काही रोखत नाही. उलट त्या पेशी जास्त जोमाने जागा सोडून सरकतात, पसरतात. म्हणजे ते किती आहे याला अर्थ नाही. कुठे आहे याला आहे. मी बेडूकवाली बाई, पण एवढं समजलं. तुझ्या कॅप्सूलने प्रथिन दुप्पट होतं म्हणतोस. कुठे? आत की बाहेर?

परवा द्वारकेला गेले होते. हिंदुराव खुर्चीत बसून डबी उलटीसुलटी करत होते. मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, तारीख जवळ आली."

म्हणाले, "बाई, गोळी खाऊन गाठ जिरत आसंल तर पोटावर सुरी कशापायी? ह्यो काय परका माणूस न्हाई. आपला यशोधन हाय. ममताला गणित शिकवलेलं त्यानं. त्यो खोटं कशाला बोलंल?"

मी काय उत्तर देऊ? तूच सांग.

भानुआत्या

गुडगाव
१९ ऑगस्ट २००३

ती. आत्यास,

प्रवासात होतो, म्हणून उशीर.

पाचवं प्रकरण प्राथमिक निरीक्षणांचं होतं. एकाच प्रकारच्या पेशी, मोजके प्रयोग. अशा गोष्टी प्रबंधात पानं भरायला असतात, हे त्या क्षेत्रातल्या कुणालाही माहीत आहे. शाळेतल्या बाईंना माहीत नसणं स्वाभाविक आहे.

आत की बाहेर हे आम्ही पाहिलेलं नाही. पाहण्याची गरज नाही. हे औषध नाही, पूरक आहार आहे.

मला एक कोडं पडलंय. बसवरची जाहिरात बघून सुभेदारासारखा माणूस ठरलेलं ऑपरेशन सोडत नाही. फौजी माणूस डॉक्टरचा हुकूम मानतो. त्याला कुणी तरी विश्वासातल्या माणसाने सांगितलं असणार. त्या माणसाला दोन ओळींचा कागद मागा ना. मलाच का?

यशोधन

पहाडगंज
२ सप्टेंबर २००३

यशोधन,

२८ तारीख गेली. हिंदुराव इस्पितळात गेले नाहीत. त्यांच्या बायकोने, कृष्णाबाईंनी सकाळी त्यांची पिशवी भरून ठेवली होती, त्यांनी ती परत रिकामी केली.

तू लिहिलंस, 'आम्ही पाहिलेलं नाही.' मी बस पकडून तुझ्या जुन्या संस्थेत गेले. दोन बस बदलल्या, तिसरीत उभी होते. गेटवरच्या शिपायाला वाटलं, मी कुणाची तरी स्वयंपाकीण. डॉ. शालिनी रेगे, तुझ्या मार्गदर्शक, त्यांच्याच जुन्या खोलीत भेटल्या. मला ऐकू येत नाही म्हणून त्या फळ्यावर लिहून बोलल्या. चांगली बाई आहे. तुझं नाव काढल्यावर तिने खडू खाली ठेवला, मग पुन्हा उचलला आणि लिहिलं:

'जूनमध्ये आला होता. आमचाच सूक्ष्मदर्शक लागला त्याला, त्याच्या काचेच्या लॅबमध्ये तसला नाही. कंपनीच्या अर्कात वाढवलेल्या पेशींच्या स्लाइड आणल्या होत्या. तीन तास पाहत बसला. चहा न पिता गेला.'

मी विचारलं, काय दिसलं त्याला? तिने लिहिलं, 'मला दाखवलं नाही. पण चांगलं काही दिसलं असतं तर त्याने दाखवलं असतं.'

तुझ्या शेवटच्या पत्रातलं कोडं मी सध्या बाजूला ठेवते. आधी माझं सोडव. जूनमध्ये तू काय पाहिलंस? का त्या तीन तासांचीही पॉलिसी आहे? लहानपणी काच फोडलीस तर निदान तोंड लपवून कोपऱ्यात बसायचास. आता तोंड घेऊन बसवर चढतोस. प्रगती म्हणतात ती हीच असेल.

भानुमती

गुडगाव
९ सप्टेंबर २००३

आत्या,

हे पत्र हाताने लिहितोय. ऑफिसच्या कागदावर नाही.

जूनमध्ये मी जे पाहिलं ते असं. पी-२७ ला चिकटणारा एक हिरवा चमकणारा रंग असतो. तो घातला की प्रथिन जिथे असेल तिथे पेशी हिरवी दिसते. निरोगी पेशींत केंद्रक हिरवं दिसलं, ठिपक्यांसारखं. जसं दिसायला हवं तसं. मग कॅन्सरच्या पेशी ठेवल्या. मी तीन प्रकारच्या घेतल्या होत्या. एका प्रकारात ठीक होतं. दोन प्रकारांत केंद्रक काळं होतं, मोकळं, आणि त्याच्या सभोवती सगळीकडे हिरवं. अर्काने प्रथिन दुप्पट झालं होतं हे खरंच. दुप्पट होऊन बाहेर साठलं होतं.

मग मी पाचव्या प्रकरणातला प्रयोग परत केला. बशीत पेशींचा थर वाढवायचा, मधोमध बारीक ओरखडा काढायचा आणि किती वेळात पेशी सरकून तो भरतात ते बघायचं. अर्क नसलेल्या बशीत दुसऱ्या दिवशीही ओरखडा दिसत होता. अर्क घातलेल्यात दुपारपर्यंत उरला नाही.

विक्रांतला, आमच्या प्रमुखाला, सांगितलं. तो लंचचा डबा उघडत होता. म्हणाला, "यार, प्रोटीन बढ़ा ना? बस. वो कहाँ बैठता है, कस्टमर पूछेगा क्या?" मी म्हटलं, काही लोकांना याने अपाय होऊ शकतो. तो म्हणाला, "हो सकता है, या होता है?" मी म्हटलं, माहीत नाही, बशीतलं माणसात होईलच असं नाही. तो म्हणाला, "तो फिर?" दुसऱ्या दिवशी मी जाहिरातीच्या पुढच्या वर्षाच्या करारावर सही केली.

का केली? मला जिन्यावर परत जाऊन बसायचं नव्हतं. एवढंच कारण आहे, मोठं काही नाही. पाचवं प्रकरण पानं भरायला होतं, हे मी तुम्हाला लिहिलं. ते खोटं आहे. सात वर्षांत मी केलेलं खरं काम तेवढंच होतं, आणि ते कुणी छापलं नाही, म्हणून मीच त्याला हसायला लागलो.

तुम्ही मागितलेला कागद पाठवत नाही. रविवारी मी स्वतः द्वारकेला जातो.

यशोधन

गुडगाव
१५ सप्टेंबर २००३

आत्या,

काल गेलो होतो. हिंदुरावकाकांनी मला कडक चहा दिला, मी आजारी असल्यासारखा. मी सगळं सांगितलं. हिरवा रंग, काळं केंद्रक, विक्रांत, सही, सगळं. ते खाली बघून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी तुमाला ठावं हुतं."

मी म्हटलं, "हो."

"जूनपासनं."

"हो."

"फौजेत असतासा तर आमी तुमाला भिंतीला लावलं असतं." असं म्हणून त्यांनी कृष्णाबाईंना पिशवी भरायला सांगितलं.

पण मी हे पत्र वेगळ्यासाठी लिहितोय. मी निघताना कृष्णाबाई दारापर्यंत आल्या आणि रडत म्हणाल्या, "आमी कुठं जाहिरात वाचायला गेलो हुतो? मे महिन्यात बाईंनीच आणून दिल्या डब्या. 'माझ्या भाच्याचं औषध आहे, दोन महिने घेऊन बघा, कापायची घाई करू नका,' आसं म्हनाल्या."

तीन पत्रं तुम्ही मला सोलून काढलंत. 'कुणीतरी सांगितलं.' कोडं बाजूला ठेवलंत. किती व्यवस्थित ठेवलंत!

तुमची आकृती सुरेख असते, आत्या. फक्त एक अवयव काढायचा राहिला.

यशोधन

पहाडगंज
२१ ऑक्टोबर २००३

यशोधन,

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं तोंड नव्हतं, आणि जे होतं ते वापरायची मला आजवर फार सवय.

कृष्णाबाई खरं बोलल्या. मे महिन्यात वर्तमानपत्रात तुझा फोटो आला. तू मला कळवलंही नव्हतंस. मी तो कापून कपाटाच्या काचेला आतून चिकटवला आणि आल्यागेल्याला दाखवला. पहाडगंजात चाळीस वर्षं दुसऱ्यांची मुलं शिकवली. एकदा कुणी माझं म्हणावं असं छापून आलं होतं. आठ दिवसांनी कृष्णाबाई ऑपरेशनच्या भीतीने रडत आल्या. मी केमिस्टकडे चालत गेले, चार डब्या घेतल्या आणि त्यांच्या पदरात टाकल्या. वर सल्लाही दिला. सर्जन वीस वर्षं शिकून जे सांगतो ते मी वर्तमानपत्राच्या एका कात्रणावरून खोडलं.

तुझा प्रबंध माझ्याकडे चार वर्षं होता. मी अर्पणपत्रिकेच्या पुढे गेले नव्हते. तिथे माझं नाव आहे ना! जुलैत ममता आली, तिला तुझी हुशारी दाखवायला म्हणून पानं उलटली आणि पाचव्या प्रकरणावर बोट थांबलं. त्याच संध्याकाळी तुला पहिलं पत्र लिहिलं. तुझ्या दोन ओळी मला हिंदुरावांसाठी हव्या होत्याच. पण त्या नेऊन दाखवल्या की माझे शब्द मागे घ्यावे लागणार नाहीत, यासाठी त्याहून जास्त हव्या होत्या. मी त्यांना स्वतः म्हणू शकले असते, 'सुभेदारसाहेब, मी चुकले.' द्वारकेपर्यंत जाऊन समोर बसूनही तीन शब्द निघाले नाहीत. तुझी खरडपट्टी मात्र पानपानभर निघाली. मास्तरकीचा हा रोग आहे, त्याला कुठलं प्रथिन लागतं ते शोध.

आता बातमी. सप्टेंबरअखेर परत फोटो काढले. गाठ साडेचार सेंटिमीटर झाली होती, पण मोठ्या शिरेपर्यंत पोचली नव्हती. ६ ऑक्टोबरला ऑपरेशन झालं. यकृताचा उजवा भाग बराच काढावा लागला. नऊ दिवस अतिदक्षता विभागात होते. परवा पहिल्यांदा भात खाल्ला आणि तो गिचका झाला म्हणून कृष्णाबाईंवर ओरडले. सर्जनने मला कागदावर लिहून दाखवलं: तीन सेंटिमीटरला जेवढी खात्री दिली असती तेवढी आता देता येत नाही.

मी त्यांच्या खाटेशी जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. ममताला विचारलं तर ती म्हणाली, "राहू दे ना, बाई." मी पुन्हा विचारलं नाही. तेवढी शिक्षा ठीक आहे.

तू नोकरी सोडलीस असं मयुराकडून कळलं. करोल बागच्या बसवर आता दुसराच कुणी पांढरा कोट घालून हसतो. डॉक्टर आहे का नट, कोण जाणे. खप कमी झालेला नाही, केमिस्ट सांगत होता.

भानुआत्या

द्वारका
११ जानेवारी २००४

ती. भानुआत्यास सा. न.

आम्ही गुडगावची जागा सोडली. इथे भाड्याने दोन खोल्या घेतल्या आहेत, हिंदुरावकाकांच्या पलीकडच्या सेक्टरमध्ये. मयुरा माझ्याशी कामापुरतं बोलते. तिच्या जागी मी असतो तर तेवढंही बोललो नसतो.

रेगेबाईंकडे परत गेलो. त्यांनी 'बस' म्हटलं नाही. "सकाळी नऊला यायचं. खुर्ची ज्युनियरची मिळेल. पाचवं प्रकरण आणि जूनच्या स्लाइड, दोन्हींवर पेपर लिहायचा, आणि त्यात तू कुणासाठी काम करत होतास तेही लिहायचं," एवढं बोलून त्या परत कामाला लागल्या. मी नऊला जातो.

ऑपरेशननंतर काढलेल्या गाठीचा तुकडा अभ्यासाला द्यायचा का, असं फौजी इस्पितळाने हिंदुरावकाकांना विचारलं होतं. त्यांनी संमतीच्या कागदावर आमच्या संस्थेचं नाव घालायला लावलं. म्हणाले, "ज्यानं बशीत बघितलं त्याला माणसातलं बी बघू दे." सगळ्या परवानग्या होऊन तुकडा गेल्या आठवड्यात आला. रंग मीच घातला. आत्या, पहिली स्लाइड फुकट गेली, दुसरी करावी लागली.

बहुतेक पेशींत केंद्रक काळं होतं. हिरवं सगळं बाहेर.

काल त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. ते अंगणात उन्हाला बसले होते, लोकरीची टोपी कानांवर ओढून. खूप वाळलेत. त्यांनी विचारलं, "म्हंजी गोळीनं झालं?"

मी म्हटलं, "ते सांगता येत नाही. कदाचित आधीपासूनच तसं असेल. गोळ्यांआधीचा तुकडा कुणाकडेच नाही. कॅप्सूलने गाठ वाढवली, की ती आपली आपणच वाढली आणि कॅप्सूलने फक्त तुमचा वेळ खाल्ला, हे मला कधीच कळणार नाही."

"तुमालाबी न्हाई?"

"मलाही नाही. कुणालाच नाही."

त्यांनी टोपी कानांवरून वर सारली. मग म्हणाले, "बसवर लिवताना तुमाला समदं ठावं हुतं. आता एवढं बघून ठावं न्हाई म्हनतासा." मला वाटलं, आता ते मला हाकलणार. पण ते म्हणाले, "आसंच लिवा मग कागदावर. ठावं न्हाई म्हनून लिवा. खाली माजं नाव घाला."

मी समजावलं, की शोधनिबंधात रुग्णाचं नाव घालत नाहीत.

"मग तुमचं तरी घाला," ते म्हणाले. "पुरतं घाला. फोटू नको."

पेपर आज सकाळी पोस्टात टाकला. शेवटच्या परिच्छेदात 'हे आम्हाला ठरवता आलेलं नाही' असं वाक्य आहे, आणि नाव पुरतं घातलंय.

तुमचा,
यशोधन